यादीतले नाव आणि निकालातले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने एखादा विषय मांडावा अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. या जागेवरून पापड-सांडग्यांपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत पुष्कळ विषय झाले. यंदा कार्यकारिणीने माझे नाव घातले आणि विषय दिला, 'विधानसभेची निवडणूक आणि आपण'. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु हा विषयच असा आहे की, त्याला शिक्षणाची अट कायद्याने ठेवलेली नाही. मतदान केंद्रात प्राध्यापकीणबाईंचे मत एक आणि माझेही एकच. तेवढ्या अधिकाराने मी आपल्यापुढे उभी आहे.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्या मंडळात निरनिराळ्या पक्षांना मानणाऱ्या भगिनी आहेत, आणि तरीही हळदीकुंकवाला आपण एकाच सतरंजीवर बसतो. तेव्हा मी कोणत्याही पक्षाची बाजू घेणार नाही की कोणाला नावे ठेवणार नाही. जे आकडे सर्वांसमोर आलेले आहेत तेच मांडीन, आणि त्यांतून आपण बायकांनी काय घ्यायचे ते पाहू.

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर अमरावतीचे. त्यामुळे निकालाच्या दिवशी माझा जीव दोन्ही जिल्ह्यांत असतो. पण निकालाकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जाऊ या.

आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. त्या वेळी महाराष्ट्र राज्य नव्हते. आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे 1956 साली आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आलो. इंग्रजांच्या अमलात मत देण्यासाठी जमीनजुमला किंवा शिक्षण लागत असे. स्वतंत्र भारताच्या घटनेने ती अट काढून टाकली आणि 21 वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत दिले. हे वय पुढे 18 झाले.

त्या पहिल्या निवडणुकीत एक मोठी अडचण आली. याद्या करणारे लोक घरोघर गेले, तेव्हा पुष्कळ बायकांनी आपले नावच सांगितले नाही. कोणी म्हणाली, अमक्याची आई. कोणी म्हणाली, तमक्याची बायको. त्या वेळचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की, यादीत बाईचे स्वतःचे नाव हवे. 'अमक्याची आई' हे नाव चालायचे नाही. शेवटी देशातल्या सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ 28 लाख नावे यादीतून गेली. ती बहुतेक उत्तरेकडील राज्यांतली होती. वाचताना वाईट वाटते, परंतु मला तो निर्णय योग्य वाटतो. बाईला स्वतःचे नाव आहे आणि ते तिने स्वतः सांगायचे आहे, एवढे तरी त्यामुळे सगळ्या देशाला कळले. आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यायला आपण लाजतो. पण स्वतःचे नाव घ्यायला लाजायचे काय कारण?

आमच्या आजेसासूबाई सांगत की, पहिल्या मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. पेटीवर चित्र असायचे. चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. कोणत्या पेटीत टाकायची ते घरून सांगून पाठवलेले असे. बैलगाडीत बसून सगळ्या बायका जायच्या आणि सांगितलेल्या पेटीत चिठ्ठी टाकून यायच्या. यादीत नाव आले होते, पण मत अजून घराचेच होते.

आता आपण 2024 सालाकडे येऊ. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांसाठी 20 नोव्हेंबर 2024, बुधवारी, एकाच दिवशी मतदान झाले आणि 23 तारखेला, शनिवारी, मोजणी झाली. आपल्याकडे ते कापूस वेचणीचे दिवस. दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्यांना मतदानाची भरपगारी सुटी कायद्याने मिळते. पण किलोवर वेचणी करणाऱ्या बाईला ती कोण देणार? आमच्या ओळखीची एक बाई म्हणाली, "मत देतो माय, पण सकाळीच देतो. ऊन चढलं की वावरात जा लागते." आणि सात वाजता केंद्राचे दार उघडण्यापूर्वी ती रांगेत उभी होती. अशा बायकांनी ही निवडणूक मोठी केली.

2019 साली राज्यातल्या शंभर स्त्री-मतदारांपैकी 59 जणींनी मत दिले होते. 2024 साली 65 जणींनी दिले. पुरुषांचे प्रमाण त्या वेळी शंभरात 66 ते 67 होते. म्हणजे पुरुषांत आणि आपल्यात फार तर दीड-पावणेदोन मतांचे अंतर उरले. तीन कोटींहून अधिक बायका त्या एका दिवशी घराबाहेर पडल्या आणि बोटाला शाई लावून परत आल्या. बैलगाडीतून जाणाऱ्या आजेसासूबाईंपासून इथपर्यंत आपण आलो आहोत, याचा आपण अभिमान धरावा.

निकाल काय लागला तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. भारतीय जनता पक्षाला 132, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला 57 आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला 41 जागा मिळाल्या. समोरच्या बाजूला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला 10 जागा मिळाल्या. 5 डिसेंबर 2024 रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

आपल्या दोन जिल्ह्यांच्या मिळून 13 जागा. अमरावती जिल्ह्याच्या 8 आणि अकोला जिल्ह्याच्या 5. त्यांत भाजपला धामणगाव रेल्वे, तिवसा, मेळघाट, अचलपूर, मोर्शी, अकोट, अकोला पूर्व आणि मूर्तिजापूर अशा 8 जागा मिळाल्या. दर्यापूर आणि बाळापूर ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेले. अकोला पश्चिम काँग्रेसकडे, अमरावती शहर अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे आणि बडनेरा युवा स्वाभिमान पक्षाकडे गेले. म्हणजे राज्यात वारे एका दिशेने वाहत असतानाही आपल्या लोकांनी ठिकठिकाणी निरनिराळा विचार केला. मोठी नावेही पडली. तिवसा येथे तीन वेळा निवडून आलेल्या आणि महिला व बालविकास मंत्री राहिलेल्या यशोमती ठाकूर हरल्या; अचलपूरला चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू हरले. कोणतीही खुर्ची कायमची नसते, हे मतदाराने दाखवून दिले.

आपल्यातल्या कितीतरी भगिनी म्हणतात, "माझ्या एका मताने काय होणार?" त्यांच्यासाठी माझ्या माहेरचा निकाल सांगते. अकोला पश्चिम येथे काँग्रेसचे साजिद खान पठाण यांना 88,718 मते पडली आणि भाजपचे विजय अग्रवाल यांना 87,435. फरक केवळ 1,283 मतांचा. तेव्हाच्या एका मतदान केंद्राच्या यादीत फार तर मावली असती एवढीच ही नावे. आणि विदर्भातच, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत, तेव्हाचे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले फक्त 208 मतांनी निवडून आले. 208 म्हणजे आपल्या सभागृहात आज जेवढ्या बसल्या आहेत त्याहून थोड्याच अधिक. आता सगळीकडेच असे होते असे मी म्हणणार नाही. मेळघाटात केवलराम काळे लाखाहून अधिक मतांनी निवडून आले; तिथे एका मताने काही फरक पडला नसता. परंतु कुठे लाखाचा फरक पडेल आणि कुठे दोनशेचा, हे मतदानाच्या सकाळी कोणाला कळते? म्हणून जायचे.

येथपर्यंत ऐकायला गोड वाटले असेल. आता कडू भाग सांगते.

यादीत आपण जवळजवळ निम्म्या आहोत. मग निकालात किती आहोत? त्या निवडणुकीत राज्यभर 4,136 उमेदवार उभे होते; त्यांत स्त्रिया 363. निवडून आल्या 21. 2019 साली 24 निवडून आल्या होत्या. म्हणजे मत द्यायला आपण पूर्वीपेक्षा अधिक गेलो आणि निवडून मात्र पूर्वीपेक्षा कमी आलो. 288 जणांच्या पंगतीत आपली 21 पाने! आपल्या 13 जागांवर तर एकच स्त्री निवडून आली, अमरावती शहरातून सुलभाताई खोडके. त्यांना 60,087 मते पडली आणि काँग्रेसचे सुनील देशमुख यांना 54,674. त्या 2004 साली बडनेऱ्यातून आणि 2019 साली अमरावतीतून निवडून आल्या होत्या. अकोला जिल्ह्याच्या पाच जागांवर मात्र एकही स्त्री नाही.

आपला वऱ्हाड बाईला मत देत नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. अमरावतीने 1980 आणि 1984 साली उषाताई चौधरी यांना लोकसभेत पाठवले. 1991 साली प्रतिभाताई पाटील यांना पाठवले, आणि त्याच पुढे 2007 साली देशाच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपती झाल्या. 2019 साली नवनीत राणा अपक्ष म्हणून निवडून आल्या. बाई उभी राहिली की आपली माणसे मते देतात. अडचण उभे राहण्याचीच आहे. आमदारकीला अनामत रक्कम 10,000 रुपये; राखीव जातीजमातींच्या उमेदवाराला 5,000. एवढी एखादी बचतगटातून उचलील. परंतु 2024 साली खर्चाची कायदेशीर मर्यादाच 40 लाख रुपये होती. ज्या बाईच्या नावावर घराचा सातबारा नाही, तिने 40 लाख कुठून आणायचे? म्हणून तिकीट बहुधा ज्या घरात आधीच राजकारण आहे त्या घरातल्याच बाईला मिळते.

याला उपाय नाही असे नाही. महाराष्ट्रात 2011 सालापासून ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. सुरुवातीला लोक हसत. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असे म्हणत. काही ठिकाणी तसे झालेही. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला त्याच बायका ग्रामसभेत उभ्या राहून हिशेब विचारू लागल्या. 2023 साली घटनेत 106वी दुरुस्ती झाली. तिच्यात लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठरवल्या. मात्र जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ते लागू व्हायचे, असे तिच्यात लिहिले. 288 चा तिसरा हिस्सा 96 होतो. 21 कुठे आणि 96 कुठे! त्या दिवसासाठी आपल्यातल्या लेकी-सुना आजपासून तयार व्हायला हव्यात.

आता तुम्ही विचाराल की, आमदार बाई असली काय आणि पुरुष असला काय, कामाशी काम. मान्य. बाई निवडून आली म्हणजे आपोआप सगळे चांगले होते असे मी मानत नाही. परंतु आपले प्रश्न कोणी तरी विचारायला हवेत ना? पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आपल्या अमरावती, अकोला, बुलढाण्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारे. डाळ शिजत नाही आणि चहा नासतो. दर्यापूर, बाळापूर, अकोट भागात दिलेल्या कोणत्याही लेकीला विचारा. गोड पाण्यासाठी हंडा घेऊन जाते ती बाई. घरात मूत्रपिंडाच्या आजाराचे माणूस पडले तर त्याच्या उशाशी बसते तीही बाईच. तिकडे मेळघाटात कुपोषणाने लेकरे दगावल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. हे प्रश्न पक्षाचे नाहीत, चुलीचे आहेत. 2024 च्या सभांमधून सोयाबीनचा आणि कापसाचा भाव गाजला, तो गाजायलाच हवा होता. कारण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात त्याहून पुष्कळ कमी मिळत होता. पण खाऱ्या हंड्याबद्दल किती जणांनी विचारले?

आणि आता त्या पंधराशे रुपयांबद्दल बोलते, कारण ते टाळून भाषण संपवले तर घरी जाताना तुम्हीच मला विचाराल. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत 21 ते 65 वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांना महिना 1,500 रुपये सुरू झाले. दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात ते आले. निवडणुकीत सत्तेतल्या बाजूने 2,100 चे वचन दिले आणि समोरच्या बाजूने 3,000 चे व मोफत बस प्रवासाचे. कोणी म्हणतात, बायकांनी पैशासाठी मत दिले. मला हे बोलणे आवडत नाही. पुरुषांनी कर्जमाफीकडे पाहून मत दिले तर तो शेतीचा प्रश्न, आणि बाईने पंधराशेकडे पाहून दिले तर ती लोभी, हा कुठला न्याय? दिवसाला 50 रुपये पडतात ते. कोणाचे औषध त्यातून येते, तर कोणाच्या लेकीची फी. नवऱ्यापुढे हात न पसरता खर्च करता येण्याची किंमत ज्या बाईने हात पसरले तिलाच ठाऊक.

परंतु भगिनींनो, त्याचबरोबर हेही लक्षात ठेवू या की, तो पैसा सरकारी तिजोरीतला आहे. साबण घेताना आपण जो कर भरतो तोही त्याच तिजोरीत जातो. तेव्हा ती योजना कोणी घरून दिलेली ओवाळणी नव्हे आणि आपले मत हे संक्रांतीचे वाण नव्हे, की एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले. योजना चांगली वाटली तर त्या कारणाने मत द्यावे, अपुरी वाटली तर देऊ नये. दोन्ही हक्काचेच आहे. मात्र निवडणुकीच्या तोंडावर कोणी साडी, भांडे किंवा पाकीट आणून दिले, तर ते मतासाठी देणाराही गुन्हेगार ठरतो आणि घेणाराही, हे कायद्यात आहे.

आता आपल्या मंडळाने करावे असे काही सुचवते आणि पुरे करते.

पहिले काम नावाचे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहते, सासरच्या यादीत येत नाही, आणि मतदानाच्या दिवशी ती केंद्रावरून परत फिरते. आपल्या गल्लीत 2024 साली हे झाले. पत्ता बदलण्यासाठी किंवा नावातली चूक सुधारण्यासाठी आठ नंबरचा अर्ज असतो, नव्या नावासाठी सहा नंबरचा. आता वर्षातून चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. ज्या मुलीला या तारखेपर्यंत अठरा पूर्ण होतील तिचे नाव घालता येते. लग्नाच्या आहेरासोबत सुनेचा आठ नंबरचा अर्ज भरून द्यायचा, अशी प्रथाच आपण पाडू. 2024 साली 85 वर्षांवरील वृद्धांना आणि शंभरात चाळीस वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय होती. त्यासाठी 12-ड हा अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागे. ते पाच दिवस कोणालाच कळत नाहीत. गल्लीतल्या आजीबाईंची यादी मंडळाकडे तयार असावी. आणि तुमच्या नावावर दुसरेच कोणी मत देऊन गेले असेल तर रडत घरी येऊ नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देता येते.

दुसरे काम मनाचे. यंत्रापुढच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुमच्यासोबत नवरा नसतो, सासरा नसतो आणि गावचा पुढारीही नसतो. बटण दाबले की शेजारच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती तुम्हीच पाहायची. घरात चर्चा अवश्य करावी, वडीलधाऱ्यांचे ऐकावे. पण बटण दाबणारे बोट आपले आहे. आणि बाहेर आल्यावर कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही.

तिसरे काम निकालानंतरचे, आणि तेच आपण कधी करत नाही. मतदानापूर्वी सगळे आपल्या दारी येतात. निकालानंतर आपण कोणाच्या दारी जात नाही. माझी सूचना अशी की, वर्षातून एकदा आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, मंडळाने आदराने बोलवावे. हारतुरे कमी आणि प्रश्न अधिक असावेत. प्रश्न आधी वहीत लिहून ठेवावेत: पाण्याचे काय झाले, वचन दिलेल्या पैशांचे काय झाले, रुग्णालयात बायकांसाठी डॉक्टरीणबाई किती आहेत. उत्तर मिळेल तेही त्याच वहीत तारीख घालून लिहावे. पुढच्या वर्षी तीच वही पुढे ठेवावी. विधानसभेचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. आपण शेगावला सहल नेतो, चिखलदऱ्याला नेतो, तशी एकदा तिकडेही न्यावी. आमदारांकडून प्रवेशपत्रे घेऊन वरच्या सज्जात बसावे आणि आपण पाठवलेली माणसे आपल्यासाठी काय बोलतात ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

पुढची विधानसभा निवडणूक नेहमीच्या क्रमाने 2029 साली येईल. तोपर्यंत आपल्या गल्लीत यादीबाहेर एकही बाई राहू नये, एवढे तरी आपण या वर्धापनदिनी ठरवू या. मंडळाच्या दप्तरात आजच एक वही घालावी आणि चिटणीसबाईंनी पहिल्या पानावर खारपाणपट्ट्याचा प्रश्न लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.